घाटाखालचा मुलूख, बारा फोटोंच्या रोलवर

कर्जत आणि खालापूर तालुक्यांचे फोटो आजवर कमी निघाले असं कोणी म्हणणार नाही. जून लागला की शनिवार-रविवारी लोकलने, एसटीने, द्रुतगती मार्गाने माणसं येतात, आणि ती परत घरी पोचायच्या आत राजमाचीवरचे ढग, भिवपुरीचा धबधबा, घाटातून उतरणारी आगगाडी हे सगळं मोबाइलवरून कुठच्या कुठे पोचलेलं असतं. फोटो वाईट नसतात. कित्येक तर फार देखणे असतात. पण जवळजवळ सगळे एकाच दिशेला तोंड करून काढलेले असतात, घाटाकडे. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते त्यांत येत नाही. पाठीमागे भाताची खाचरं असतात, वीटभट्टी असते, कारखान्याची लांबच लांब भिंत असते, बारमाही वाहणारी नदी असते. आणि पाहुण्यांनी गाडी ज्याच्या खळ्यात लावली, तो खळ्याचा मालकही असतो.

हा संग्रह त्या पाठीमागच्या बाजूचा आहे. खालापूर तालुक्यातलं कुंभिवली मध्याला धरून, पाताळगंगेच्या खोऱ्यात आणि थोडं पलीकडे उल्हासच्या बाजूला, काही हौशी मंडळींनी हे फोटो काढले. त्यांच्यात आपसात एकच अट होती: मोबाइल नाही, नेहमीचा डिजिटल कॅमेराही नाही, फोटो मीडियम फॉरमॅटवरच काढायचा. अशी अट ऐकली की मला आधी शंका येते. जुन्या यंत्रांचं कौतुक हा आजकाल एक वेगळाच छंद झाला आहे, आणि त्यात पुष्कळदा कॅमेरा महत्त्वाचा ठरतो, समोरचं शेत नाही. त्यामुळे प्रस्तावना लिहायला होकार देण्याआधी मी फोटो पाहायला मागितले. स्क्रीनवर नव्हे, कागदावर, मोठ्या आकारात. पाहिल्यावर होकार दिला. तो का दिला हेच इथे सांगायचं आहे.

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय, हे ज्यांनी स्टुडिओतले जुने कॅमेरे पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. कोडॅकने १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी १२० नंबरचा रोल काढला. सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीला काळा कागद, कागदावर छापलेले आकडे. तो रोल आजही मिळतो. चौकोनी फोटो काढले तर त्यावर बारा बसतात, आडवे मोठे काढले तर दहा किंवा आठ. पुढे सगळीकडे पसरलेल्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फोटोला २४ बाय ३६ मिलिमीटर जागा मिळते, आणि १२०च्या चौकोनी फोटोला ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. ही सगळी जास्तीची जागा तपशिलाने भरते. दूरच्या बांधावरचं गवत, विजेच्या खांबावरचे चिनी मातीचे कप, पेंढ्याच्या उडवीवर टाकलेलं फाटकं प्लॅस्टिक, हे सगळं फिल्मवर उतरतं, मग फोटो काढणाऱ्याचं तिकडे लक्ष असो वा नसो.

आपल्याकडे हा आकार काही परदेशी चैनीची गोष्ट नव्हता. अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री बडोद्याला तयार व्हायचा. ऊन आहे की ढग एवढं ठरवलं की झालं, बाकी सगळं डबीतच. मध्यमवर्गीय घरांतले सत्यनारायण, मुंजी, माथेरानच्या सहली याच डबीने टिपल्या. रोलही देशीच मिळायचा: उटकमंडला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. तालुक्याच्या गावी स्टुडिओ असलाच तर फोटोवाल्याच्या गळ्यात दोन भिंगांचा याशिका असे, आणि ज्याचं बरं चालायचं त्याच्याकडे जर्मन रोलायफ्लेक्स, ब्राउनश्वाइगच्या कारखान्यातून १९२९ पासून निघणारा. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत जे जे टिपलं त्यात या रोलायफ्लेक्सचा वाटा मोठा आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की मोठ्या निगेटिव्हवर आपल्याकडे माणसं उतरली, लग्नं उतरली, पुढारी उतरले. शेतं फारशी उतरली नाहीत. बारा फोटोंतला एक शेतावर घालवावा असं कोणाला वाटणार? शेत काय, रोजच दिसतं.

घाट मात्र फार आधीपासून उतरला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही आपल्याकडच्या पहिल्या फोटोग्राफरांपैकी नावं त्याच काळातली. त्याच दशकात बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे नेलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. त्या बांधकामाचे अ‍ॅलिसच्या नावावर असलेले फोटो आजही जपलेले आहेत. तो काळ काचेच्या ओल्या प्लेटचा. फोटो घेण्याच्या जागीच काळोखी तंबू ठोकायचा, काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असेतो फोटो घेऊन तिथेच धुवायचा. खंडाळ्याच्या हवेत हे करून पाहावं म्हणजे त्या बाईची जिद्द कळेल. पण त्या फोटोंत काय आहे? कमानी, भराव, कापलेले कडे. ज्या हजारो मजुरांनी ते कडे कापले ते असलेच तर उंची समजावी म्हणून उभे केलेले. घाटाखालची गावं त्यात नाहीत. म्हणजे घाटाकडे तोंड करून उभं राहायची रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. मोबाइलवाल्यांना एकट्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

अलीकडच्या काळात वरून पाहायची रीत आली. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकातल्या हवाई फोटोंनी गडांची रचना सामान्य वाचकाला पहिल्यांदा नीट दाखवली. बालेकिल्ला, माची, तटाची वळणं, हे खालून कधी एका नजरेत येत नाही. आता ड्रोन घरोघरी झाले. पण हेलिकॉप्टरमधून खाचर म्हणजे हिरव्या गोधडीचा एक तुकडा. तो कोणाचा, त्यात पाणी कुठून येतं, बांध कोणत्या कोपऱ्यात दर वर्षी फुटतो, हे कळायला खाली उतरून उभं राहावं लागतं.

या संग्रहातल्या कॅमेऱ्यांची उंचीच मुळी तेवढी आहे. दोन भिंगांचा कॅमेरा किंवा जुना हॅसलब्लाड पोटाशी धरायचा आणि वरून काचेत वाकून पाहायचं. भिंग कंबरेच्या उंचीवर असतं, म्हणजे सप्टेंबरात साधारण लोंबीच्या उंचीवर. त्यामुळे या फोटोंत पुढचं भात दांडगं दिसतं आणि मागचा सह्याद्री आपल्या जागी, मागे, गुमान उभा राहतो. आणखी एक गंमत आहे. काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. म्हैस उजवीकडे चालली असेल तर काचेत ती डावीकडे जाते, आणि नवशिका तिला पकडायला कॅमेरा नेमका भलतीकडे फिरवतो. सवय होईस्तोवर दोन-तीन रोल जातात, आणि आज रंगीत रोल हजार रुपयांच्या पुढे आहे. म्हशी सोडून देऊन झाडं, नद्या आणि बांध यांच्याकडे वळायला हे एक कारण पुरेसं आहे. पक्ष्यांचं तर बोलायलाच नको. व्हिक्टर हॅसलब्लाड स्वतः पक्षीवेडा होता, तरी त्याच्या नावाच्या कॅमेऱ्याला पक्षी टिपण्याइतकी लांब आणि हलकी भिंगं कधी मिळाली नाहीत. या पुस्तकात बगळे आहेत, पण लावणीच्या चिखलात पांढऱ्या टिंबांएवढे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथला पावसाळा फिल्मला सोसत नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, हवा ओली, भिंगाच्या आत बुरशी. एकदा जाळं धरलं की फोटोवर धुकं उतरतं, ते पुसता येत नाही. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबे, दिव्याखाली वाळवणं, हे सगळं करावं लागतं. रंगाचा प्रश्न त्याहून अवघड. निसर्गाचे फोटो म्हटलं की जगभर फुजीच्या वेल्वियाचं नाव निघतं. १९९० साली आलेली ही स्लाइड फिल्म हिरव्याला जास्त हिरवं करते. ज्या देशांत हिरवं जरा फिकटच असतं तिथे ती शोभते. श्रावणातल्या खालापुरात आधीच डोळ्यांत घुसणारं हिरवं आहे, त्यावर वेल्विया म्हणजे गुळाच्या पोळीवर साखर. शिवाय स्लाइडला उजेड-सावलीतली तफावत फार पेलत नाही: भिजलेला काळा कातळ आणि त्यावरचा पांढरा ढग यांतलं एक सांभाळलं की दुसरं जातं. त्यामुळे इथले बहुतेक रंगीत फोटो निगेटिव्ह फिल्मवर आहेत आणि पावसाळ्यातले बरेचसे कृष्णधवल. ते मला या संग्रहातले सर्वांत चांगले वाटतात. रंग काढून टाकल्यावर पाण्याची पातळी दिसायला लागते. कोणतं खाचर भरलंय, कोणतं निथळतंय, पाणी कोणत्या फटीतून खालच्या शेतात उतरतंय, ते सगळं करड्या रंगाच्या छटांत वाचता येतं.

आता दाखवण्याविषयी. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की मोठ्या निगेटिव्हचा फोटो छोट्या पडद्यावर दाखवणं म्हणजे तो न दाखवणंच. चौकोनी निगेटिव्ह साध्या २४०० डीपीआयला स्कॅन केली तरी बाजूला सुमारे ५,३०० पिक्सेल येतात, एकूण २.८ कोटी. कागदावर ती साडेसतरा इंची चौकोन होऊ शकते, आणि नाक लावून पाहिली तरी तुटत नाही. तीच मोबाइलवर गेली की हजारेक पिक्सेलची होते. उरतं ते आकारांचं ढोबळ चित्र: डोंगर, ढग, शेत. तेवढंच हवं असेल तर मोबाइलनेच काढावा, खिशात असतो. एक गंमत म्हणून सांगतो: इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हापासून २०१५ पर्यंत तिथे चौकोनी फोटोच चालत. आकार या जुन्या कॅमेऱ्यांचाच, पण आतला तपशील वजा करून.

आणि हा तपशील फोटो काढणाऱ्याचा नसतो. हे मला कुंभिवलीत कळलं. छापलेले फोटो देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर मांडले होते. शहरातून आलेली मंडळी फोटोंपासून चार पावलं मागे उभी राहून पाहत होती, गॅलरीत पाहतात तशी. गावातली माणसं खाली बसली आणि थेट कोपऱ्यांत शिरली. मे महिन्यातल्या एका फोटोत शेतांमध्ये काळे चट्टे आणि धूर आहे. शहरातल्या माणसाला तो वणवा वाटतो. तो राब आहे. पालापाचोळा, शेणी, गवत पसरून जमीन भाजायची आणि पाऊस पडला की तिथेच भाताचं आवण टाकायचं. एका आजींनी तो धूर बोटाने मोजल्यासारखा पाहिला आणि म्हणाल्या, “ह्यो राब आमचा नाय. पलीकडल्यांचा. ओला कवल टाकलाय, म्हणून येवढा धूर.” फोटो काढणाऱ्याला धूर हवा होता तो मागचा डोंगर अर्धा झाकण्यासाठी. आजींना त्यातून शेजाऱ्याचा आळस दिसला.

त्याच ओळीत नदीचा एक फोटो आहे, तोही मे महिन्यातला. वरचं माळरान पिवळं, आणि पाताळगंगेच्या कडेने हिरवा पट्टा, पात्रात वाहतं पाणी. उन्हाळ्यात इथल्या बाकीच्या ओढ्यांत धोंडे उरतात, मग हिला पाणी कुठलं? ते घाटावरचं आहे. लोणावळा, वळवण, शिरवता इथे टाटांनी अडवलेलं पाणी नळांतून खाली सोडून खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते, आणि वीज करून सुटलेलं पाणी या नदीत येतं. एरवी ते इंद्रायणीतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. या वळवलेल्या पाण्यावर शंभर वर्षांत काठचे मळे उभे राहिले, कारखाने उभे राहिले, रसायनीची वसाहत उभी राहिली. निसर्गाचा फोटो म्हणून जो घेतला, त्यातली नदी अर्धी माणसाने केलेली आहे. फोटोत हे लिहिलेलं नाही. पण हिरवा पट्टा पिवळ्या माळाला किती काटेकोर रेषेत भेटतो, हे मोठ्या निगेटिव्हवर इतकं स्वच्छ आहे की प्रश्न पडतोच.

सभामंडपात सगळ्यांनी एकच मागणी केली: मोबाइलवर पाठवा. तत्त्व बाजूला ठेवून पाठवले. लोकांनी दोन बोटांनी आपलं घर मोठं करून पाहिलं, ते फुटलं, आणि मग परत कागदाकडे आले. एकाने वेगळंच विचारलं: फोटोवर तारीख घालून मिळेल का, बांधाच्या मोजणीला लागेल. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या दोन तालुक्यांत जमिनीला जो भाव आला आहे, त्यात बांधाचा स्वच्छ फोटो म्हणजे साक्षीदार. म्हणून पुस्तकात महिना आणि वर्ष दिलं आहे, गाव दिलं आहे. गट नंबर कुठेही दिलेला नाही. धबधब्यांच्या वाटाही दिलेल्या नाहीत. पावसाळ्यात तिथे बंदीचे हुकूम काढायची पाळी येते ती फोटो पाहून लोटणाऱ्या गर्दीमुळेच. त्यात या पुस्तकाने भर घालू नये.

वाटांवरून फे गॉडविन या इंग्रज फोटोग्राफरची आठवण होते. हॅसलब्लाड घेऊन ती ब्रिटनभर पायी फिरली. ‘लँड’ हे तिचं पुस्तक १९८५ चं. पण फिरताना तिला कुंपणं लागत गेली, पाट्या लागत गेल्या, आणि ती पायवाटांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या रॅम्बलर्स असोसिएशनची अध्यक्ष झाली. १९९० मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या पुस्तकाचा विषयच ज्या जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही ती जमीन हा होता. कर्जत-खालापुरात आज हा विषय रोजचा आहे. नदीवर जायची गुरांची वाट फार्महाऊसच्या फाटकापाशी संपते. या संग्रहात तशी फाटकं आहेत. सुंदर नाहीत, पण मागे तोच सह्याद्री आहे, आणि तो त्या फाटकाच्या गजांतून किती विचित्र दिसतो ते पाहावं.

एक जागा मात्र यात नाही. इर्शाळगडाखालच्या ज्या ठाकरवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, त्या उताराचा फोटो घेतलेला नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. अशा जागेचे फोटो घ्यायचे असतील तर ते भूगर्भशास्त्रज्ञांनी, नोंदीसाठी घ्यावेत. उजेड कधी चांगला पडेल याची वाट पाहत ट्रायपॉड लावून तिथे बसणं मंडळींना जमलं नाही. मला ते पटतं.

याउलट एक उणीव राहिली आहे ती सांगतो. हिवाळा कमी आहे. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, जानेवारीत शेतं पुन्हा हिरवी होतात, रात्री शेताच्या कडेला मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात. हे या मुलखाचं खरं वैभव, आणि ते चार-दोन पानांत आटोपलं आहे. कारण उघड आहे: दृश्याच्या मागे लागलेल्या माणसाला पावसाळा जास्त देतो. वालाचं शेत दिसायला बेताचं. पण त्या दोन-चार पानांतलं एक, दवाने भरलेल्या वालाच्या वेलांचं, भिंग घेऊन पाहावं. मागे धूसर झालेला कारखान्याचा धुराडा आहे, आणि त्याचा धूर आणि दव यांचा रंग एकच आहे.

फोटो पुस्तकात नऊ इंची चौकोनात छापले आहेत. एका पानावर एक, समोरचं पान कोरं. गावाचं, महिन्याचं, वर्षाचं नाव खाली. शक्य तिथे शिवाराचं नावही दिलं आहे. ही नावं कुठल्या नकाशात नसतात, माणसांच्या तोंडी असतात, आणि काही फोटोंखाली ती मिळवता आली नाहीत. ज्यांना ठाऊक असतील त्यांनी समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहावीत. गावातल्या शाळेत छपाईआधीची एक कच्ची प्रत ठेवली होती, तिच्यात हे काम सुरू झालं आहे. ओढ्याकाठच्या एका फोटोसमोर दोन वेगवेगळ्या अक्षरांत दोन वेगवेगळी नावं आली आहेत, आणि दुसऱ्याने पहिलं नाव दोनदा खोडलं आहे. खरं कुठलं ते ठरवायच्या भानगडीत संपादक पडलेले नाहीत. पुढच्या आवृत्तीत दोन्ही छापणार आहेत.